कुष्ठरोग तंत्रज्ञ भाऊंना जाहीर आभारपत्र

स.न.वि.वि.

शस्त्रक्रियेनंतर पेशंट घरी जाताना पेढे आम्हाला मिळतात. हात सरळ झाला तो ऑपरेशनने, असं त्याला वाटतं आणि ते चूकही नाही. पण तो हात ऑपरेशनच्या लायक ठेवण्याचं काम तुम्ही आधी कित्येक महिने केलेलं असतं, आणि टाके निघाल्यावर तोच हात भाकरी थापण्याजोगा होतो तोही तुमच्याच टेबलावर. त्याबद्दल हे पत्र, शस्त्रक्रिया शिबिरातल्या आमच्या अख्ख्या चमूकडून.

चट्ट्याने कोणाचा हात जात नाही, नसेने जातो. कुष्ठरोगाचा जंतू नसेच्या तंतूंना आवरण घालणाऱ्या श्वॉन पेशींत शिरतो, आणि शरीराच्या आतल्या उष्णतेपेक्षा थोडी थंड जागा त्याला मानवते. त्यामुळे नस कातडीलगत येते तिथेच ती सुजते: कोपराच्या आतल्या हाडामागे अल्नर, मनगटाच्या जरा वर मीडियन, गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला पाऊल उचलणारी लॅटरल पॉप्लिटियल, घोट्यामागे तळपायाची पोस्टेरियर टिबियल. यातल्या बऱ्याच जागी वाट मुळातच अरुंद. सूज पसरायला जागा मिळत नाही आणि आतला रक्तपुरवठा दबतो.

एकाच नसेत जाणिवेचे, हालचालीचे आणि घामाचे तंतू असतात. घामाचे गेले की तळहात कोरडा पडून भेगाळतो, जाणिवेचे गेले की ती भेग दुखत नाही, हालचालीचे गेले की बोटं वाकडी होऊन पकडीचा सगळा भार टोकांवर येतो. जखम होते ती तिन्ही मिळून. म्हणून तुम्ही मलमाच्या ट्यूबवर भागवत नाही. साध्या पाण्यात वीस मिनिटं हातपाय भिजवायचे, ओले असतानाच खरखरीत दगडाने घट्टे घासायचे आणि न पुसता वर तेल लावायचं, हे पेशंटकडून तुमच्यासमोर करून घेता. तेल फक्त मुरलेलं पाणी अडवून धरतं. कोरड्या कातडीवर चोळून काही होत नाही, हे कारणही सांगता. कारण कळलं की माणूस घरी ते करतो.

नस तपासताना तुमचा हात कसा चालतो, ते नव्या डॉक्टरांना आम्ही मुद्दाम बघायला लावतो. पेशंटचा कोपर अर्धवट वाकवलेला, मनगट तुमच्या हातात सैल सोडलेलं. बोटांच्या मऊ टोकांनी हाडामागची नस शोधायची, हलकेच इकडून तिकडे फिरवायची, दंडाकडे थोडं वर जात तिची जाडी बघायची आणि लगेच दुसऱ्या हाताशी ताडायची. नजर मात्र कोपरावर नाही, पेशंटच्या चेहऱ्यावर. जोरात दाबली तर धडधाकट माणसाचीही नस कळवळेल. तशी ‘दुखरी नस’ कागदावर चढली की विनाकारण स्टेरॉईड सुरू होतं.

जाणीव तपासायची बॉलपेनची चाचणी तर कोणालाही जमेल असं वाटतं. घोळ होतो तो तिथेच. पेन टेकवून कातडीला जेमतेम खळगा पडेल एवढाच दाब, रेघ ओढायची नाही. आधी उघड्या डोळ्यांनी समजावून द्यायचं, मग डोळे मिटून जिथे लागलं तिथे पेशंटने दुसऱ्या हाताचं बोट ठेवायचं. एका ठेक्यात टोचत गेलं की माणूस अंदाजाने बरोबर उत्तरं देतो, म्हणून तुम्ही मधे थांबता, क्रम मोडता. ‘लागतंय का?’ असं तर विचारतच नाही, कारण त्याला उत्तर ‘हो’च येतं. जिथे ठराविक दाब देणाऱ्या नायलॉनच्या तारा उपलब्ध आहेत तिथे तळहाताला २ ग्रॅम आणि तळपायाला १० ग्रॅमची तार कळत नसेल, तर इजेपासून वाचवणारी जाणीव गेली असं धरायचं.

मग ताकद. करंगळी बाजूला सरकवायला लावून अल्नर, अंगठा तळहातापासून सरळ वर उचलायला लावून मीडियन, मनगट वर करून रेडियल, पाऊल वर करून लॅटरल पॉप्लिटियल. शेरा तीनच प्रकारचा: सशक्त, अशक्त, लुळा. तुमच्या तक्त्यांचं खरं मोल एका तक्त्यात नाही, लागोपाठच्या तक्त्यांत आहे. नस दरवेळी दुखूनच जाते असं नाही. कित्येकांची गाजावाजा न करता जाते, पेशंटला पत्ताही नसतो, आणि मागच्या महिन्यात ‘सशक्त’ असलेली करंगळी या महिन्यात ‘अशक्त’ झाली हा एवढाच पुरावा उरतो. तो तुम्ही पकडता, आणि पेशंटला त्याच आठवड्यात डॉक्टरांपुढे उभा करता.

इथे वेळेचा हिशेब कडक आहे. कमजोरी सहा महिन्यांच्या आतली असेल तर प्रेडनिसोलोन या स्टेरॉईडने नस सावरण्याची आशा चांगली. त्यापुढे ती झपाट्याने कमी होते. रोज ४० मिलिग्रॅमपासून सुरुवात, दर दोन आठवड्यांनी ३०, २०, १५, १०, ५ असं उतरत १२ आठवडे, आणि गरज दिसली तर डॉक्टर तो काळ वाढवतात. सुरू करण्याआधी रक्तदाब, साखर, क्षयाची लक्षणं आणि जंताचं औषध. सोबत हाताला आधाराची पट्टी, म्हणजे सुजलेल्या नसेला विसावा. बरं वाटलं म्हणून गोळ्या एकदम बंद करणारे आणि सूज-अ‍ॅसिडिटीला घाबरून सोडणारे, दोघांच्याही घरी तुमची मोटारसायकल जाते. बहुविध औषधोपचाराच्या गोळ्या जंतू मारतात, पण रिअ‍ॅक्शन, म्हणजे जंतूविरुद्ध शरीराचीच प्रतिक्रिया भडकून नसा-कातडी सुजणं, तो कोर्स चालू असताना किंवा संपल्यावरही येऊ शकते. ‘कोर्स पूर्ण, पेशंट बरा’ असं लिहून फाईल बंद न करणं ही तुमची सवय आम्हाला सगळ्यात मोलाची वाटते.

आता ऑपरेशनकडे. आम्ही मेलेली नस जिवंत करत नाही. चालू असलेला स्नायू उसना घेऊन लुळ्याचं काम त्याच्याकडून करून घेतो. वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी ही वाट घातली, महाराष्ट्रात नोशीर अंतिया यांनी ती रुजवली. अल्नर गेल्याने बोटांच्या मुळाचे सांधे मागे जातात आणि पुढची पेरं वाकतात. अशा पंजासाठी बहुतेकदा मधल्या बोटाचा वरचा वाकवणारा कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) घेतो, त्याचे चार पदर करतो आणि एकेक पदर बोटाच्या मुळाशी असलेल्या कप्पीतून (कंडरा जागेवर धरणाऱ्या कड्यातून) वळवून त्यालाच शिवतो. करंगळीशेजारच्या बोटाचा घेत नाही, कारण अल्नर वर कोपराशीच निकामी झाली असेल तर त्या बोटाचा खोल स्नायूही लुळा असतो. वरचाही काढला तर बोट वाकायचंच बंद होईल.

हा उसना कंडरा मेंदूला आधीच ओळखीचा हवा. तुम्ही बाकीची बोटं सरळ धरून ठेवता, फक्त मधलं बोट मधल्या सांध्यात वाकवायला सांगता आणि शेवटचं पेर लुळं लोंबतंय ना ते हलवून बघता. ते ताठ असेल तर पेशंट भलत्याच स्नायूने काम भागवतोय. हे घटवून आलेला पेशंट प्लास्टर निघाल्यावर पहिल्या दोन-चार दिवसांतच नवी हालचाल सापडवतो. न घटवलेला आठवडाभर चाचपडत बसतो, आणि कधी वैतागून मूठ वळतो.

सांधा आखडलेला असेल तर कितीही सुबक ऑपरेशन वाया. मेणाचं शेक देताना आधी आपला हात घालून बघायचा, कारण बधीर हात चटका बसल्याचं सांगणार नाही. शेकानंतर लगेच सांधा ताणायचा आणि बोटावर प्लास्टरची नळी चढवायची, दर काही दिवसांनी बदलत थोडी थोडी सरळ करत न्यायची. घाईने एकाच दिवसात बोट सरळ केलं तर सांध्यावरची कातडी फुटते. तुम्ही कोनमापकाने अंश मोजून लिहिता, त्यामुळे आम्हाला तारीख ठरवता येते. आणि गेल्या सहा महिन्यांत रिअ‍ॅक्शन झालेली किंवा तळहाताला जखम असलेली माणसं तुम्ही शिबिराला पाठवतच नाही. शिबिराचा आकडा वाढवा असा वरून कितीही आग्रह झाला तरी तुम्ही हलत नाही. तो नकार आमच्या कामाचा आहे.

ऑपरेशननंतरचे तीन आठवडे प्लास्टरचे. ते निघालं की मुळाचे सांधे वाकवून बोटं सरळ ठेवायची, एवढाच व्यायाम. पूर्ण मूठ लगेच नाही, नाहीतर शिवलेले पदर ताणून ढिले पडतात. रात्री पट्टी. जड कामाला साधारण तीन महिने मनाई, आणि ती मनाई पाळवून घेणं पेरणीच्या दिवसांत किती अवघड जातं ते आम्ही जाणतो.

पायाचं थोडक्यात: खिळा न मारलेली मऊ एमसीआरची (बारीक छिद्रांच्या रबराची) चप्पल, मागे पट्टा, आणि रोज रात्री तळवा आरशात बघणं. पाऊल लोंबत असेल तर नडगीमागचा स्नायू पुढे आणतो, आणि तो ओळखायची तालीम ही पुन्हा तुमच्याकडेच.

एक मागणं राहिलं. चेहऱ्याची नस गेल्याने न मिटणाऱ्या डोळ्यांची नोंद अजून बऱ्याच तक्त्यांत ‘मिटतो / मिटत नाही’ इतकीच येते. हलके मिटल्यावर आणि घट्ट मिटल्यावर, अशी दोन वेळा फट मिलिमीटरमध्ये मोजून पाठवाल का? कानशिलाचा चावणारा स्नायू पापणीला जोडायचा झाला तर त्या दोन आकड्यांवर बरंच ठरतं. अशा पेशंटना दात घट्ट दाबून धरण्याचा सराव आत्तापासून द्या. पुढे त्याच हालचालीने त्यांची पापणी मिटणार आहे.

आपले ऋणी,
हात-पाय पुनर्रचना शस्त्रक्रिया शिबिरातले डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट