दुसऱ्या अल्बमविषयी

चि. मृण्मयीस,
अनेक आशीर्वाद.

‘अलाबामा शेक्स’ या अमेरिकी बँडचा दुसरा अल्बम पाठवताना तू लिहिले होतेस, की पहिल्याची सर याला नाही. ‘साउंड अँड कलर’ या आठवड्यात मी चारदा ऐकला आणि तुझे म्हणणे मला पटलेले नाही, म्हणून हे पत्र.

२०१२ च्या ‘बॉइज अँड गर्ल्स’ या पहिल्या अल्बममध्ये अलाबामातल्या अथेन्स या लहान गावची चौकडी जुन्या सोलच्या, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या भावपूर्ण गाण्याच्या, वळणाने मोकळेपणी वाजवत होती. तो अल्बम लोकांना इतका भावला होता, की तसाच दुसरा काढला असता तरी कोणी तक्रार केली नसती. पण त्यांनी ब्लेक मिल्स या निर्मात्याला सोबत घेतले, आणि २०१५ साली जे बाहेर आणले त्याची सुरुवातच व्हायब्राफोन या धातूच्या पट्ट्यांवर वाजवायच्या वाद्याच्या संथ सुरांनी होते. पहिल्या दिवशी तू चुकीचा अल्बम पाठवलास की काय, अशी शंका मलाही आली.

ती शंका ‘डोन्ट वॉना फाइट’ने घालवली. गिटारचा एकच तुकडा फिरत राहतो आणि पहिला शब्द उच्चारण्याआधी बँडची गायिका ब्रिटनी हॉवर्ड घशात अडकल्यासारखा बारीक, चिरका स्वर काढते. तुझ्या आईने स्वयंपाकघरातून विचारले, की मांजर कुठे अडकले आहे का. मला मात्र तो स्वर भांडून भांडून दमलेल्या माणसाचा वाटला, ज्याला शब्द नंतर सुचतात. या गाण्याला दोन ग्रॅमी पुरस्कार मिळाले. ते मिळाले नसते तरी माझे मत हेच राहिले असते.

‘गिमी ऑल युअर लव्ह’मध्ये तिचा आवाज कुजबुजीपर्यंत उतरतो, वाद्ये जवळजवळ थांबतात, आणि मग सगळे एकदम समेवर यावे तसे कोसळतात. हा धीर पहिल्या अल्बममध्ये मला जाणवला नव्हता. तिथे जागा दिसली की ती भरली जाई. ‘जेमिनी’ हे गाणे मात्र लांबले आहे, तेवढे तुझे मान्य.

बँडला नाव मिळण्यापूर्वी हॉवर्ड टपाल वाटत असे, हे तुला ठाऊक आहे का? एकतीस वर्षे तेच काम केलेल्या माझ्यासारख्याला हे वाचून विशेष आनंद झाला. दारोदार फिरताना डोक्यात चाल घोळत राहते; माझी तर सायकलच्या करकरणाऱ्या साखळीवर लय धरून चाले. अर्थात माझ्या चाली टपालाची थैली रिकामी होताच विरून जात.

तू हा अल्बम फोनच्या स्पीकरवर ऐकला असशील, असा माझा अंदाज आहे. त्यावर कुजबुज निसटते आणि आरडाओरडा तेवढा उरतो. रविवारी हेडफोन लावून एकदा सलग ऐक आणि मग मला फोन कर.

तुझे,
बाबा