ती नुसती नक्षी नव्हे

महोदय,

रविवार पुरवणीतला फ्रॅक्टलवरचा, म्हणजे ज्यांच्या लहान भागातही पूर्ण आकृतीच पुन्हा दिसते अशा आकारांवरचा, लेख आवडला. फ्लॉवरचा गड्डा, नेच्याचे पान, गणिती कॉख यांची वक्ररेषा, १९७५ साली ‘फ्रॅक्टल’ हा शब्द घडवणारे मँडेलब्रॉ, सगळे त्यात आहे. आफ्रिकेच्या वाट्याला मात्र फोटोखालची एक ओळ आली: ‘आदिवासींची पारंपरिक रचना’. मी २२ वर्षे शाळेत गणित शिकवते. ही ओळ मला लागली.

तो फोटो दक्षिण झांबियातल्या बा-इला वस्तीचा आहे. एका कुटुंबाची घरे गोलात, दाराशी लहान आणि मागे जावे तशी मोठी. अशा गोलांचाच मिळून गावाचा मोठा गोल, तोही दाराकडून मागे वाढत जाणारा. अमेरिकी संशोधक रॉन एग्लाश यांनी असे फोटो पाहिले आणि पुढे आफ्रिकेत गावोगाव फिरून लोकांनाच विचारले, असे का करता? त्यांचे पुस्तक १९९९ साली आले.

पुन्हापुन्हा येणारी प्रत्येक आकृती म्हणजे गणित, असे मी म्हणणार नाही. करणाऱ्याला नियम ठाऊक आहे का, हे पाहावे. साहेलमध्ये, म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेच्या कोरड्या पट्ट्यात, वारा अडवायला बाजरीच्या सरमाडाच्या ताट्या विणतात. खाली लांब धाटांच्या विरळ ओळी, वर जावे तशा त्या आखूड आणि घट्ट. विणणारे कारण सांगतात: घट्ट विणायला धाटे आणि मेहनत जास्त लागते, जमिनीलगत वारा कमी, उंचावर जोराचा; मग जिथे वारा तिथेच मेहनत. एग्लाश यांनी मापे घेतली, तेव्हा ओळींचे प्रमाण वाऱ्याच्या वाढत्या वेगाशी जुळले.

दुसरे उदाहरण पश्चिम आफ्रिकेतल्या बामाना लोकांच्या वाळूतल्या भविष्यकथनाचे. (आपल्याकडचे रमल याच कुळातले, अरबीत रमल म्हणजे वाळू.) भविष्यावर माझा विश्वास नाही, पण रीत पाहा. मागच्या आठवड्यात आठवीच्या मुलांना मी न मोजता भराभर रेघांच्या चार ओळी मारायला लावल्या. मग प्रत्येक ओळीतल्या रेघांच्या जोड्या खोडायच्या. एक उरली तर एक खूण, काही न उरले तर दोन. चार ओळींची एक आकृती, अशा एकूण १६ शक्य. आता दोन आकृत्या शेजारी ठेवून ओळीला ओळ मिळवायची: सारख्या असल्या तर दोन खुणा, वेगळ्या असल्या तर एक. सम-विषमाचीच ही बेरीज. जी आकृती निघते, तीच पुढच्या बेरजेत पुन्हा घालायची. उत्तर परत आत घालत राहणे, फ्रॅक्टल तरी याहून वेगळ्या कशाने बनतो? मुलांना हे फळ्यावरच्या व्याख्येपेक्षा लवकर कळले. तास संपला तरी ती आकृत्या मिळवत बसली होती.

पुढच्या पुरवणीत चौकटीपुरती जागा मिळाली तरी चालेल. त्या फोटोखालची ओळ बदला आणि शेजारी ताटी विणणाऱ्याने सांगितलेले कारण छापा, एवढी विनंती.

– एक गणित शिक्षिका, सातारा