एका नावाची दोन कार्डं

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत संगणक खरेदीवर जो मजकूर आला त्यात सल्ला होता की ग्राफिक कार्ड (संगणकात चित्र-व्हिडिओचं काम सांभाळणारा भाग) घेताना मॉडेल नंबर आणि किती जीबी आहे तेवढं बघून घ्या. मी एकदा तेवढं बघूनही फसले आणि दुसऱ्यांदा नुसत्या नंबरावर फसले, म्हणून हे पत्र.

आर्णी तालुक्यातल्या एका गावात मी लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग करते. शूटिंग माझे धाकटे भाऊजी करतात. माझं पहिलं कार्ड होतं जीटी १०३०, २ जीबी. नवंकोरं, डबाबंद. नंबर बरोबर, जीबी बरोबर. तरी टाइमलाइनवर फोटोचे दोन थर चढवले की चित्र अडकायचं. मला वाटायचं आपल्यालाच सॉफ्टवेअर नीट येत नाही. तीन वर्षांनी जीपीयू-झेड नावाचं, कार्डाची आतली माहिती दाखवणारं फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं तेव्हा उलगडा झाला. १०३० दोन तऱ्हेचं निघतं. २०१७ मध्ये आलं त्यात जीडीडीआर५ मेमरी, सेकंदाला ४८ जीबी माहिती ने-आण करणारी. २०१८ मध्ये त्याच नावाने साधी डीडीआर४ मेमरी लावलेलं आलं, त्याचा वेग फक्त १६.८ जीबी. माझं हे दुसरं होतं. मेमरी मात्र दोन्हींत २ जीबीच! जिनिंगच्या आवारात कापूस किती मावतो हे विचारून काय उपयोग? काट्यावरून दिवसाला किती गाड्या उतरतात ते विचारावं लागतं.

शिवाय १०३० च्या दोन्ही तऱ्हांत व्हिडिओ एन्कोड करणारा, म्हणजे तयार व्हिडिओ आटोपशीर फाइलमध्ये बसवणारा, भागच नाही. एक्सपोर्टचा, म्हणजे शेवटची फाइल काढण्याचा, सगळा भार प्रोसेसरवर. लग्नसराईत रात्रभर संगणक चालू ठेवायचा आणि पहाटे लाइन गेली की पुन्हा पहिल्यापासून. नवरीकडचे लोक पेनड्राइव्हसाठी दारात उभे आणि माझी पट्टी चाळीस टक्क्यांवर, असे दिवस मी काढले आहेत.

मागच्या हंगामात कापसाचा चुकारा हाती आला तेव्हा घरात ठरलं की आता आरटीएक्स ३०५० घ्यायचं. भाच्याने मोबाइलवर चाचण्या दाखवल्या. त्या २०२२ सालच्या होत्या, हे तेव्हा लक्षात आलं नाही. शहरातल्या एका दुकानाला फोन केला. ‘८ जीबीवालं आहे ना?’ असं मी विचारलं नाही, ही माझी चूक. पण त्यानेही ‘ताई, ३०५० म्हणजे ३०५०च’ एवढंच सांगितलं. एसटीच्या पार्सलने डबा आला. बिलावर फक्त ‘आरटीएक्स ३०५०’, डब्यावर ६ जीबी. भाऊजी म्हणाले, ‘वहिनी, त्यानं आपल्याले लहानंच देल्लं.’

लहान म्हणजे किती लहान, ते मी वहीत मांडून पाहिलं. जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या ८ जीबीच्या कार्डात २५६० कोर (हिशेब करणारे छोटे भाग) आहेत, घड्याळ म्हणजे त्यांच्या कामाची गती १७७७ मेगाहर्ट्झपर्यंत चढते, मेमरीची रुंदी म्हणजे माहिती ने-आण करायची वाट १२८ बिट आणि वेग सेकंदाला २२४ जीबी. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या ६ जीबीच्या कार्डात कोर २३०४, घड्याळ १४७०, रुंदी ९६ बिट, वेग १६८ जीबी. कोर आणि घड्याळाचा गुणाकार केला तर धाकटं पाव हिश्शाने कमी भरतं, मेमरीच्या वेगातही पाव हिश्शानेच कमी. म्हणजे नुसती २ जीबी मेमरी कमी केलेली नाही, आतलं कार्डच वेगळं आहे.

दिग्रसकडच्या एका मिक्सिंगवाल्या दादांकडे ८ जीबीवालं आहे. हळदीचं एकच फुटेज आम्ही दोघांनी चालवून पाहिलं. मंडपातल्या कमी उजेडामुळे चित्रावर येणारे दाणे काढायचं काम दोघांनी एकदमच लावलं. त्यांचं आटोपलं तेव्हा माझं जेमतेम पाऊण झालं होतं. साध्या एक्सपोर्टला मात्र सांगण्यासारखा फरक पडला नाही, कारण एन्कोड करणारा भाग दोन्ही कार्डांत एकाच पिढीचा आहे. कॅमेऱ्याचं १० बिट ४:२:२ (रंगाची जास्त माहिती साठवणारं) फुटेज तर या दोन्हींपैकी एकाच्याही हार्डवेअरला उलगडता येत नाही. तिथे मोठ्या कार्डाला जास्त पैसे घालूनही हाती काही लागत नाही. हे सांगणारं आम्हांला कोणी भेटलं नाही.

आता दुसरी बाजूही सांगते, कारण ती आमच्या भागाची आहे. मोठं कार्ड १३० वॅटचं. मदरबोर्डच्या खाचेतून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, म्हणून त्याला पॉवर सप्लायमधून वेगळी वायर लागते. दादांच्या जुन्या सप्लायला ती वायर नव्हती. त्यांनी जोडणीची वायर लावून पाहिली, तर काम ऐन रंगात आलं की संगणक बंद. शेवटी सप्लाय बदलला, मग यूपीएस पुरेना म्हणून तोही बदलला. माझं कार्ड ७० वॅटचं, खाचेतूनच चालतं. वेगळी वायर नाही, नवा सप्लाय नाही. गावची डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) बसली की माझा जुना यूपीएस मला काम सेव्ह करून संगणक नीट बंद करण्याएवढा वेळ देतो. मी १०८० मध्येच मिक्सिंग करते, ४के कोणी मागत नाही, त्यामुळे ६ जीबी मेमरी मला पुरते. विचारून घेतलं असतं तरी कदाचित मी हेच घेतलं असतं. पण ते मी ठरवायला हवं होतं, दुकानदाराच्या मोघम उत्तराने नव्हे.

नाव बदलता येत नाही असंही नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये एनव्हिडियाने, म्हणजे ही कार्डं काढणाऱ्या कंपनीने, आरटीएक्स ४०८० नावाची दोन कार्डं जाहीर केली होती, १६ जीबीचं ९७२८ कोरचं आणि १२ जीबीचं ७६८० कोरचं. लोकांनी ओरड केली, ऑक्टोबरमध्ये १२ जीबीवालं मागे घेतलं गेलं आणि जानेवारी २०२३ मध्ये ते ४०७० टीआय या नावाने विकायला आलं. महागड्या कार्डासाठी ओरडणारे पुष्कळ असतात. स्वस्तातलं कार्ड आमच्यासारखे घेतात, चुकाऱ्याच्या पैशातून, एकदाच. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ ने वस्तूचा दर्जा, प्रमाण, किंमत यांची माहिती मिळण्याचा हक्क दिला आहे. ‘३०५०’ एवढ्या चार आकड्यांत ती माहिती येत नाही.

आपल्याला माझी विनंती आहे की पुरवणीत कार्डांची तुलना छापाल तेव्हा जीबीसोबत मेमरीचा प्रकार, रुंदी किती बिट, किती वॅट आणि वेगळी वायर लागते का, हे प्रत्येक वेळी द्यावं. दुकानदार बांधवांनीही हेच बिलावर लिहावं. पेनाने लिहिलं तरी चालेल.

सोबत माझ्या बिलाची आणि डब्याची झेरॉक्स जोडली आहे. दुकानाचं नाव मी पट्टी लावून झाकलं आहे. छापायची झाली तर तशीच छापावी.

आपली,
एक मिक्सिंगवाली, ता. आर्णी, जि. यवतमाळ