पहाटेची पहिली गाडी

पुणे

तीर्थस्वरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी फोनवर बाबा म्हणाले, "बावन्नाव्या वर्षी हे धावण्याचे कसले खूळ?" आणि मागून आईचा आवाज आला, "गुडघे गेले की कळेल." तेव्हा मी हसून विषय बदलला, पण एवढी मोठी गोष्ट फोनवर मला धड सांगता येत नाही आणि बाबांना धड ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र.

आधी काळजीचे बोलते. धावायला सुरुवात करण्यापूर्वी मी रक्तदाब, साखर, ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट असे सगळे करून घेतले आहे. आठवड्यातून चारच दिवस बाहेर पडते, कारण या वयात थकलेले स्नायू पूर्ववत व्हायला तरुणपणापेक्षा जास्त वेळ लागतो. तीन मिनिटे धावायचे, एक मिनिट चालायचे आणि वेग असा ठेवायचा की बरोबरच्या माणसाशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. पहिल्याच महिन्यात उत्साहाच्या भरात मी हे पाळले नाही आणि नडगी दुखावून तीन आठवडे घरी बसले, हे तुम्हाला मुद्दामच कळवले नव्हते.

नडगी बरी झाली, पण मोडलेली पहाट काही परत येईना. मुळात मी उशिरा उठणारी. वर्षातून एकदा, नरकचतुर्दशीला, आईने उटण्याची वाटी वाजवत उठवले तरच सूर्योदय पाहणारी. गजर व्हायचा, मी डोळे उघडायची आणि आढ्याकडे पाहत न जाण्याची कारणे शोधायची: पाऊस आहे, कोपऱ्यावर कुत्री असतील, काल बँकेतून यायला उशीर झाला होता. रात्री धावपटूंची भाषणे ऐकून अंगावर काटा यायचा. तो पावणेपाचला कुठे जायचा, कोण जाणे.

अशाच एका पहाटे बाबांची पेटी डोळ्यांसमोर आली. बाबा, इतकी वर्षे तुम्ही एसटीची पहिली गाडी केलीत, पण "आज जावेसे वाटते" किंवा "वाटत नाही" असे तुमच्या तोंडून मी कधी ऐकले नाही. रात्री जेवण झाले की खाकी कपडे खुंटीला लागायचे, शर्टावर बिल्ला आधीच टोचलेला असायचा, तिकिटांची पेटी दाराच्या उजव्या अंगाला आणि तिच्यावर पंच. आईची कणीकही रात्रीच मळलेली असे. पहाटे ठरवण्यासारखे तुम्ही दोघांनी काही शिल्लकच ठेवलेले नसे.

आता मी तेच करते. साडेनऊला दिवा मालवते. टी-शर्ट आणि मोजे खुर्चीवर, बूट दाराशी नाड्या सैल करून, आणि फोन उशाशी न ठेवता स्वयंपाकघरातल्या ओट्यावर, म्हणजे गजर बंद करायला उठून जावेच लागते आणि एकदा तिथवर गेले की पाणी पिऊन होते. शिवाय शेजारच्या इमारतीतल्या एक निवृत्त शिक्षिका पाच वाजून दहा मिनिटांनी गुलमोहराखाली येऊन थांबतात. मी गेले नाही तर त्या अंधारात एकट्या उभ्या राहतील, हे मला कुठल्याही भाषणापेक्षा जास्त पुरते. पहिली दहा मिनिटे अजूनही नकोशीच असतात, त्यात सुधारणा नाही. तळजाईच्या टेकडीवर गिरिपुष्पाच्या झाडांत शिरल्यावर ओल्या पाल्याचा वास येतो, कुठेतरी मोर ओरडतो, श्वास लयीत येतो आणि मग पाय आपले आपण चालू लागतात.

वयाचे म्हणाल, तर 2011 साली फौजासिंगांनी शंभराव्या वर्षी टोरोंटोची पूर्ण मॅरेथॉन, म्हणजे 42.195 किलोमीटर, आठ तास अकरा मिनिटांत पुरी केली, ती बातमी तुम्हीच मला वाचून दाखवली होती. जन्मदाखला नसल्यामुळे गिनीजने त्यांचा विक्रम नोंदवला नाही हे कळल्यावर तुम्ही म्हणाला होतात, "बरोबर आहे, दाखल्याशिवाय अर्धे तिकीट मिळत नाही." धावण्याची सुरुवात त्यांनीही उतारवयातच केली होती. मी तर यंदा अर्धीच, एकवीस किलोमीटरची धरली आहे, आणि तीही आपल्या साताऱ्याची.

ही शर्यत यवतेश्वरचा घाट चढून परत खाली गावात येते. लोकांना चढाची धास्ती असते. मला उताराची आहे, कारण खाली येताना प्रत्येक पावलाचा दणका मांड्यांना आणि गुडघ्यांना बसतो. आईचे म्हणणे तेवढ्यापुरते खरे आहे, आणि म्हणूनच रविवारी मी टेकडीचा उतार मुद्दाम हळू, लहान पावले टाकत उतरते. पूर्ण मॅरेथॉनचा विचार पुढच्या वर्षी, तोही डॉक्टर हो म्हणाले तर.

मी शुक्रवारी रात्री येईन. आई, शनिवारी संध्याकाळी पुरणपोळीचा घाट घालू नकोस. सातच्या आत वरणभात आणि वर साजूक तूप, एवढेच कर. गजर लावणारच आहे, पण बाबा, सव्वाचारला तुम्ही हाक मारा. गाडी सुटायच्या वेळी मारायचात ना, तशी.

तुमची,
ताई