आईबाबांना 'डिपेंडंट' दाखवू नका

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

मार्च आला की अमेरिकेत शिकणाऱ्या आपल्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक सल्ला हमखास फिरतो, टॅक्स रिटर्नमध्ये आईवडिलांना डिपेंडंट, म्हणजे आपल्यावर अवलंबून असलेले, दाखवा, रिफंड वाढतो. कृपा करून कुणी असलं काही करू नका! मुलगा दर महिन्याला घरी पैसे पाठवत असेल तरी नाशिकला राहणारे भारतीय आईबाबा तिथल्या नियमात बसतच नाहीत, आणि सही मात्र मुलाची असते.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर साधारण पहिली ५ कॅलेंडर वर्षं मुलं टॅक्सपुरती नॉनरेसिडेंटच (तिथली रहिवासी नसलेली), म्हणजे रिटर्नसाठी फॉर्म १०४०-एनआर, रहिवाशांचा साधा १०४० नाही. पण खरा फायदा आहे तो कुणी सांगतच नाही. १९८९ च्या भारत-अमेरिका कर करारातल्या कलम २१ मुळे आपल्या विद्यार्थ्यांना स्टँडर्ड डिडक्शन (टॅक्स लावण्याआधी उत्पन्नातून वजा होणारी ठरावीक रक्कम) मिळतं, २०२४ साठी ते १४,६०० डॉलर होतं, बाकी देशांच्या नॉनरेसिडेंट मुलांना सहसा मिळत नाही. कॅम्पस जॉब करणाऱ्या पोराला हे केवढं मोठं आहे बघा.

लग्न झालेल्यांचं अजून वेगळं. एफ-२ वर, म्हणजे विद्यार्थ्याच्या बायको-मुलांच्या व्हिसावर, नेलेलं मूल डिपेंडंट धरता येत नाही, तिथे जन्मलेलं बाकीच्या अटी पाळून धरता येतं. आणि कमाई शून्य असली तरी एफ-२ वरची बायको-मुलं प्रत्येकाचा ८८४३ फॉर्म (आपण टॅक्सपुरते नॉनरेसिडेंट का, हे सांगणारा) वेगळा भरायचा, हे बरेचजण विसरतात.

परदेशी पाठवणाऱ्या कन्सल्टंट लोकांनी लाखांनी फी घेताना एवढं तरी सांगायला हवं. आपल्या पेपरनेही फेब्रुवारीतच यावर एखादं सविस्तर पान द्यावं ही विनंती.

- एक पालक, नाशिक