जा, पण गाइड बघून जा

कोल्हापूर

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

शिरोलीत फाउंड्रीची भट्टी सुरू असली की फोनवर धड बोलता येत नाही, म्हणून लिहितोय. पीएचडीला जायचंय ना? जा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना धाकधूक नको.

पण चाकणच्या नोकरीचा कंटाळा आला म्हणून जाणार असशील तर दुसरी नोकरी शोध, ते स्वस्तात पडेल. एम.टेक.पर्यंत प्रश्नाचं उत्तर कुठंतरी छापलेलं असतं. इथून पुढं ते गाइडलाही ठाऊक नसतं.

आमच्याकडचंच सांगतो. मध्यंतरी एसजी आयर्नचा, म्हणजे आत ग्रॅफाइटच्या गोळ्या असलेल्या ओतीव लोखंडाचा, एक जॉब (ओतलेला भाग) मशीनिंगला गेला आणि जिथं जाडी जास्त तिथं आत स्पंजासारखी भोकं निघाली. श्रिंकेज, म्हणजे गोठताना धातू आकसून राहिलेली पोकळी. वरून जॉब चकाचक. साचे करणारा जुना मोल्डर म्हणाला, फीडर, म्हणजे जॉबला जोडलेला जादा धातूचा साठा, मोठा करा. त्याचं बरोबरच. ओतीव गोठायला लागणारा वेळ हा आकारमान भागिले पृष्ठफळ, त्याच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, हे च्वोरिनोव्हनं 1940 साली मांडलंय. फीडर जॉबच्या मागून गोठला पाहिजे, तरच तो जॉबला धातू पुरवणार. मोल्डरनं च्वोरिनोव्हचं नाव ऐकलेलं नाही, त्याचं काही अडत नाही.

अडतं ते पुढं. एसजी आयर्न गोठताना ग्रॅफाइट बाहेर पडून फुगतं आणि आकसण्याची बरीच भरपाई करतं, पण साचा टणक असेल तरच. साचा मऊ पडला की त्याची भिंत मागं सरकते नि भोक राहतं. म्हणून त्याच पॅटर्नचा, त्याच फीडरचा माल एका शिफ्टला पास आणि दुसऱ्या शिफ्टला रिजेक्ट. वाळूतला ओलावा, मोल्डची हार्डनेस, ग्रॅफाइट गोल व्हावं म्हणून मॅग्नेशियम देतात ते दिल्यावर ओतायला लागलेला वेळ, नेमकं कुणाचं किती, हे आमच्यातलं कुणी छातीठोक सांगत नाही. फीडर वाढवायचा नि वजनाचा तोटा सोसायचा. असला प्रश्न चार वर्षं पुरतो. माझाच घे असं नाही, तुला बेअरिंग आवडतात तर बेअरिंगमधला घे. फक्त हात काळे होतील असा घे. नुसत्या सिम्युलेशनवर काढलेल्या थिसिसवर माझा विश्वास नाही, तू कितीही भांड.

संस्थेच्या नावापेक्षा गाइड बघ. त्याच्याकडच्या चौथ्या-पाचव्या वर्षाच्या पोरापोरींना कँटीनमध्ये चहाला ने. लिहून दिलेला ड्राफ्ट सर किती दिवसांत वाचून देतात? आधीचे विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले? लॅबमधलं मशिन चालू आहे की झाकून ठेवलंय? हे वेबसाइटवर सापडायचं नाही. आणि गाइडला मेल टाकण्याआधी त्याचे दोन पेपर तरी नीट वाच.

नोकरी सांभाळून पार्ट टाइम करता येते, कंपनीचा ना हरकत दाखला लागतो. पण तुझ्या शिफ्टा बघता ते रेटणार नाही. फुल टाइमच कर. यूजीसीच्या 2022 च्या नियमात किमान 3 आणि कमाल 6 वर्षं आहेत, बायकांना वर 2 वर्षांची सवलत. ती लागू नये. फेलोशिप 2023 पासून पहिली दोन वर्षं महिना 37,000 आणि पुढं 42,000 आहे. तुझं भागेल. घरी पाठवतेस ते बंद कर, कर्जाचा हप्ता माझ्याकडं.

आजीचं म्हणणं, शिवाजी विद्यापीठ दारात असताना पोरगी पवईला आयआयटीत कशाला? तिला तू जवळ हवीयेस, बाकी काही नाही. आत्या लग्नाचं काढणार, तिचं मी बघतो. आईनं काल एवढंच विचारलं, "हॉस्टेलची मेस कशी असते?" म्हणजे तिचा होकार आहे.

तुझ्या मार्कलिस्टा कपाटात सापडल्या, पदवीचं सर्टिफिकेट मात्र नाही. पुण्यात तुझ्या बॅगेत बघ. नसेल तर लगेच कळव, डुप्लिकेटला वेळ लागतो.

तुझे
बाबा