मामा, कॅम्पचं छप्पर तुमच्या हातचं आहे

मामा, सप्रेम नमस्कार. मामींना आणि घरच्या सगळ्यांना पण.

हे सगळं फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही "कशाला ओ ताई" म्हणता आणि लगेच विषय भातावर नेता, म्हणून लिहितेय. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण आमच्या चर्चच्या मंडळीतल्या निम्म्या लोकांना अजूनही वाटतं की वादळात पडलेला आमचा कॅम्प मुंबईहून गेलेल्या पैशांवर परत उभा राहिला. पैसे लागले, नाही असं नाही, आणि ज्यांनी दिले त्यांनी लॉकडाऊनमध्ये अर्ध्या पगारावर असताना पोटाला चिमटा काढून दिले, त्यांचे आभार उपासनेत मानून झालेत. कॅम्प वर्षानुवर्षं सांभाळून परत उभा केलात तो तुम्ही, पण तुमचे आभार मात्र कुठेच मानले गेले नाहीत. तुम्ही आमच्या मंडळीचे सभासद नाही, त्यामुळे कुठल्या अहवालात तुमचं नाव यायचं कारण नाही, 'स्थानिक लोकांचे सहकार्य लाभले' एवढ्या एका ओळीत तुमचं अख्खं वर्ष आटोपलं. ते मला तेव्हापासून खुपतंय.

ज्यांनी कॅम्प पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. रोह्याच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी, फॉरेस्टच्या हद्दीला लागून आमची जागा आहे. मंगलोरी कौलांचा एक उपासनेचा हॉल, मुलांची आणि मुलींची अशा दोन बरॅकी सिमेंटच्या पत्र्यांच्या, स्वयंपाकघर, विहीर, कॅम्पफायरची गोल जागा, आणि मोबाइलची रेंज फक्त टेकडीवरच्या एका दगडावर. भायखळा, परळ, विक्रोळीकडची आमची मुलं दिव्याहून रोह्याची गाडी पकडून मे महिन्यात यायची, ज्यांनी आयुष्यात पूर्ण काळोख बघितलेला नाही अशी मुलं, आणि मे संपता संपता पहिल्या वळवाच्या सुमाराला झाडंच्या झाडं काजव्यांनी लखलखायला लागली की सगळ्यात दंगेखोर पोरगं पण गप्प उभं राहायचं. सकाळी उजाडायच्या आधी प्रत्येकाने आपलं बायबल घेऊन एकेका झाडाखाली बसायचं, मग पेज, मग ओढा, मग करवंदं आणि जांभळं खाऊन जांभळ्या जिभेने संध्याकाळची भजनं. रेव्हरंड टिळकांची भजनं पेटीवर आणि टाळांवर त्या हॉलमध्ये जशी लागतात तशी मुंबईतल्या चर्चमध्ये पंख्यांच्या घरघरीत लागत नाहीत, असं माझं ठाम मत आहे.

आमच्या पत्रिकेवर कॅम्प दोनच, मे आणि डिसेंबर. मधल्या महिन्यांत तिथे काय होतं ते मला तुमच्याबरोबर राहून कळलं. मार्चमध्ये वणवा आत येऊ नये म्हणून हद्दीने गवत जाळून पट्टा मोकळा ठेवायचा. एप्रिलमध्ये तुमच्या शेतावर राब भाजून, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन भाजून झाली की कौलं चाळायला घ्यायची, फुटकी काढायची, सरकलेली बसवायची, पश्चिमेच्या भिंतीला झड लागते तिथे ताडपत्री नाहीतर विणलेल्या पानांची झापं बांधायची. जुलैत ओढा फुगला की तिकडे कोणी फिरकायचंच नाही. गणपतीनंतर कमरेएवढं गवत काढायचं, ते पण काठी आपटत, फुरसं, तो विषारी साप, असतं म्हणून. हे सगळं तुम्ही वर्षानुवर्षं करत होता आणि आम्ही डिसेंबरमध्ये येऊन 'वा, किती स्वच्छ आहे' म्हणायचो.

मग 3 जून 2020. निसर्ग वादळ दुपारी रायगडच्या किनाऱ्यावर चढलं, ताशी शंभर किलोमीटरच्या वर वारा. मुंबईला फारसं काही झालं नाही, आम्ही खिडक्यांना टेप लावून टीव्ही बघत बसलो होतो आणि संध्याकाळी सगळे म्हणाले वाचलो. तुमचा फोन लागायला पुढे कितीतरी दिवस गेले, कारण लाइटचे खांबच आडवे झाले होते. फोन लागला तेव्हा तुम्ही आधी कॅम्पचं सांगितलं. हॉलची पश्चिमेची बाजू गेली, मुलींच्या बरॅकीवर एक पत्रा शिल्लक नाही, कॅम्पफायरच्या जागेवर ऐनाचं मोठं झाड मुळासकट पडलंय. तुमच्या स्वतःच्या घराचं छप्पर गेलंय हे मी विचारल्यावर सांगितलंत, ते पण "आमचं पन गेलंय थोडं" असं. ते थोडं म्हणजे किती ते मी नंतर डोळ्यांनी बघितलं, मामा.

इकडे मुंबईत सगळ्यांना घाई झाली होती. तरुण संघाचं म्हणणं, लॉकडाऊनमधल्या प्रवासाचा ई-पास काढू, टेम्पो करू, पत्रे घेऊन जाऊ, आठवड्यात छप्पर चढवू. झूमवर मीटिंगा झाल्या, एकाने तर रंगसुद्धा ठरवला. तेव्हा तुम्ही जे बोललात ते मला अजून पाठ आहे. "ताई, आता पत्रा नाय मिळायचा न् मानूस पन नाय मिळायचा. ज्याच्या घरात पोरंबाळं हायेत त्याला आधी पत्रा गावू दे. तुमचा हॉल रिकामा हाय, तो पावसात उभा ऱ्हाईल. भात घरात आलं की बगू."

याच्यासाठी मला तुमचे सगळ्यात जास्त आभार मानायचेत. आख्ख्या जिल्ह्यात तेव्हा पत्र्यांची मारामार होती, भाव वाट्टेल ते. आम्ही मुंबईहून पैसा फेकून ट्रक भरून नेला असता तर तेवढे पत्रे वाडीतल्या कुणाच्या तरी डोक्यावरून आम्हीच ओढून घेतले असते. तुम्ही ते होऊ दिलं नाहीत. आमच्या पाळकसाहेबांनी पण तुमचं ऐकलं, जमा झालेल्या पैशातले पहिले पैसे वाडीतल्या घरांच्या ताडपत्रीला गेले, आणि माझ्या मते त्या वर्षी आमच्या मंडळीच्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम ते होतं.

आणि थांबायचं म्हणजे तुम्ही हात बांधून बसला नव्हतात. लावणीच्या दिवसांत, पाठ मोडून आल्यावर संध्याकाळी, तुम्ही आणि तुमचा धाकटा हॉलमधली शाबूत कौलं एकेक उचलून आतल्या भिंतीला उभी लावून ठेवत होता. मोडलेल्या वाशांतले खिळे काढून डब्यात जमा केलेत. हार्मोनियम, भजनाची पुस्तकं, गाद्या, सगळं स्वयंपाकघरात हलवलंत कारण तेवढंच छप्पर धड होतं. पडलेला ऐन कापून, चिरून, खाली दगड घालून हवा खेळेल असा रचून ठेवलात. ओलं लाकूड वर चढवलं की उन्हाळ्यात पिळतं आणि कौलं उघडी पडतात, हे तुम्ही मला नंतर समजावलंत, तोपर्यंत मला वाटायचं लाकूड म्हणजे लाकूड.

दिवाळीनंतर आम्ही आलो. ई-पासची कटकट सप्टेंबरमध्येच संपली होती, भात घरात आलं होतं, शेतात वाल पेरून झाले होते आणि वाडीतली माणसं मोकळी होती. अगदी तुम्ही सांगितलं होतं त्या हिशोबाने.

त्या कामातली एक गोष्ट मला नीट लिहून ठेवायची आहे कारण ती पुढच्या पोरांना माहीत पाहिजे. आम्हाला हॉल जसा होता तसाच हवा होता, सगळ्यांच्या आठवणी त्यात आहेत ना. तुम्ही नाही म्हणालात. मला पडवीत उभं करून वर बघायला सांगितलंत. जुन्या हॉलची पडवी म्हणजे मुख्य छप्परच पुढे ओढलेलं होतं, एकच उतार. वारा पडवीखाली शिरला, समोर भिंत, बाहेर पडायला वाट नाही, मग त्याने खालून ढकललं आणि पडवीबरोबर वरची अख्खी बाजू उचलून नेली. म्हणून नवी पडवी तुम्ही वेगळी केलीत, हातभर खाली, स्वतःच्या खांबांवर. परत असं वादळ आलं तर पडवी जाईल, हॉल राहील. कैच्या, म्हणजे छपराचे तिकोनी सांगाडे, भिंतीला बोल्टने धरल्या. आढ्यावरची कौलं सिमेंटमध्ये बसवलीत. बरॅकीच्या पत्र्यांना वळचणीला हुकांची संख्या दुप्पट केलीत, कारण वारा आधी कड पकडतो, आणि वरून आडवी लोखंडी पट्टी मारलीत. आमच्यातला एक जण सिव्हिल इंजिनिअर आहे, तो हे बघून म्हणाला की पुस्तकात हेच आहे, मामा कुठे शिकले. तुम्ही म्हणालात, वाडीत कुठली घरं उडाली न् कुठली ऱ्हायली ते फिरून बघितलं.

कौलांवरून आठवलं, मंगलोरी कौलांचा बासल मिशनचा कारखाना 1865 मध्ये मंगलोरला निघाला, म्हणजे तिथे मिशनरी लोकांनीच हा धंदा उभा केला, हे मी जेवताना सांगितलं तेव्हा तुम्ही कौल उलटं करून छाप बघितलात आणि म्हणालात, मग त्यांनी बसवायला पण आमच्याकडून शिकायला हवं होतं. सगळे हसले पण कौल बसवण्यात किती कसब आहे ते त्या दिवसांत कळलं. खाचेत खाच बसल्याचा एक बारीक टक आवाज येतो. तो आला नाही की तुम्ही खालूनच सांगायचात, "तिसरं काढ, परत लाव," आणि वर चढलेला पोरगा मुकाट्याने काढायचा.

रात्री आम्ही बायबलमधलं नहेम्याचं पुस्तक वाचायचो. यरुशलेमचा कोट बावन्न दिवसांत बांधून झाला, आणि पुष्कळांनी आपापल्या घरासमोरचा भाग दुरुस्त केला असं त्यात आहे. तुम्ही दाराशी बिडी विझवून बसून ऐकायचात. एकदा विचारलंत, ज्याचं घर कोटापासून लांब त्याने काय केलं? पाळकसाहेब बराच वेळ विचार करून म्हणाले, मामा, मला वाटतं तो म्हणजे तुम्ही.

आणि ती पोपटी, मडक्यात भाजलेल्या शेंगांची! जानेवारीत हॉलवर शेवटची ओळ लागली त्या रात्री मामींनी मडक्यात खाली भांबुर्डीचा पाला घातला, मग वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, मध्ये अंडी आणि बटाटे, वर परत पाला कोंबून तोंड बंद, आणि मडकं उलटं ठेवून भोवती पेंढा आणि काटक्यांचा जाळ. वास सुटल्यावर मामींनी तापल्या मडक्यावर पाण्याचे थेंब मारले, चर्रर्र होऊन क्षणात उडाले तेव्हा म्हणाल्या झाली. आमच्या मुंबईच्या पोरांनी सालासकट शेंगा खाल्ल्या. तेल नाही, पाणी नाही, आणि असली चव मी दुसऱ्या कशात बघितली नाही.

पुढे 17 मे 2021ला तौक्ते वादळ आलं. या खेपेला मुंबईनेच झोडपून घेतलं, आमच्या गल्लीत गुलमोहर गाडीवर पडला, आणि मला सगळा वेळ तुमच्या पडवीची काळजी. रात्री तुमचा मेसेज आला, नुसता फोटो, हॉल आणि पडवी दोन्ही जागेवर, खाली उभे तुम्ही, डोक्यावर गोणपाट. तो फोटो आम्ही पुढच्या रविवारी ऑनलाइन उपासनेत दाखवला आणि एका आजींनी म्यूट काढून मोठ्याने आमेन म्हटलं. त्याच वर्षी जुलैत महाड पुरात बुडालं तेव्हा मदतीचं सामान घेऊन जाणाऱ्या आमच्या पोरांनी त्याच हॉलमध्ये रात्र काढली, शिधा कोरडा राहिला, पॅकिंग तिथेच झालं. कोरोनामुळे कॅम्प बंदच होते, म्हणजे नव्या छपराखाली पहिले झोपले ते पूरग्रस्तांसाठी निघालेले लोक आणि तांदळाची पोती. मला याचा फार आनंद आहे.

मामा, तुम्ही मजुरी घेतलीत ती वाडीत जो दर होता तेवढीच, जास्त देऊ केली तर परत केलीत. कौलं रचायचे पावसातले दिवस तर तुम्ही हिशोबात धरलेच नाहीत, वही माझ्याकडे आहे, मी बघितलंय. त्याचे पैसे तुम्ही घेणार नाही हे आता मला कळलंय, म्हणून कमिटीत दोन गोष्टी मंजूर करून घेतल्यात. कॅम्पची वार्षिक कामं यापुढे तुम्हाला विचारून ठरतील, तारखा पण, म्हणजे कापणीच्या दिवसांत आम्ही तुम्हाला 'जरा येऊन जा' म्हणून बोलावणार नाही. आणि हॉलच्या दाराशी पाटी लागतेय त्यावर तुमचं आणि तुमच्या बरोबर काम केलेल्या सगळ्यांचं नाव असेल, नाकारू नका, दगड कोरायला दिलाय.

अजून एक. नातीचा दहावीचा निकाल लागला की मार्कशीटची झेरॉक्स लगेच पाठवा. अकरावीला मुंबईत यायचं तिच्या मनात आहे, मला तिने सांगितलंय, तुम्हाला सांगायला घाबरते. आमच्या घरी एक खोली आहे, आई एकटी असते, तिलाही सोबत होईल. फॉर्मच्या तारखा निघाल्या की मी फोन करते, तेव्हा भाताचा विषय काढू नका, आधी तिच्याशी बोलू द्या.

तुमची,
मुंबईची ताई